बुंदीचे कान

बुद्ध पौर्णिमेची खीर गॅसवर होती. वेलची नुकतीच कुटून टाकली होती, आणि त्या वेलचीच्या वासातून दुसराच एक वास आला. आंबलेल्या ताकाचा, कोपऱ्यात विसरलेल्या ओल्या पोत्याचा. आधी वास आला, मागून बुंदी आली. मान तिरकी करून उभी राहिली, दोन्ही कान फटाफटा झटकले आणि दुधाच्या भगोन्याकडे मोठ्या आशेनं बघायला लागली.

"पुन्हा?" मी म्हटलं. "अगं, पुन्हा?"

आवाज चढला असणार. बुंदीनं जागच्या जागी पोट जमिनीला टेकवलं, डोळे वर केले, आणि तिच्याखाली फरशीवर एक लहानसं तळं पसरत गेलं.

हिची जातच अशी. कॉकर स्पॅनियल म्हणतात. रंग तुपातल्या बुंदीसारखा, म्हणून नाव बुंदी. कान वेण्या सोडलेल्या पोरीच्या केसांसारखे, हनुवटीच्याही खाली लोंबणारे. आणि जीव इतका पातळ, की शेजारच्या घरात कुणी नवऱ्यावर ओरडलं तरी हिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पाहुणा आला की आनंदानं मुतते, रागावलं की भीतीनं मुतते. पुसायला मीच.

तिला आणली आमच्या आकांक्षानं, मागच्या ऑगस्टात, नागपूरहून, मांडीवर टॉवेलात गुंडाळून. "मम्मी, मी सगळं करीन. तुला हात लावावा लागणार नाही." दिवाळीच्या आधी पुण्याला शिकायला निघून गेली. नवरा, अश्वजित, चंद्रपूरला बदलीवर. शनिवारी रात्री येतो, रविवारी तिच्याशी चेंडू खेळतो, सोमवारी पहाटे जातो. उरलो मी, माझे सासरे तानबा, आणि बुंदी. मी सेवाग्रामला हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनला आहे. दिवसभर लोकांच्या फायली शोधायच्या आणि घरी येऊन हिच्या केसांतल्या गाठी शोधायच्या. कानामागे एक, बगलेत दोन, पायाच्या झालरीत गोखरू. एक दिवस कंगवा चुकला की दुसऱ्या दिवशी तिथं केस चिकटून नमदा होतो. जेवायला उंच, अरुंद भांडं. पसरट दिलं तर कान वरणात. आणि एवढं करून आकांक्षाचा संध्याकाळी व्हिडिओ कॉल: "मम्मी, तिचा कोट निस्तेज दिसून राह्यला. तू नीट ब्रश करत नसशील."

त्या दिवशी नणंद रोशनी जेवायला आली होती. बुद्धवंदना झाली, खिरीच्या वाट्या वाढल्या, आणि पहिला घास तोंडाशी नेतानाच ती थांबली.

"वहिनी, घरात उंदीर-बिंदीर मेला का वं?"

"कान आहे तो," मी म्हटलं. "बुंदीचा."

"कानाचा एवढा वास? अन् तू दवाखान्यात नोकरीले आहे ना?"

मी वाटी खाली ठेवली. बोलले असते तर बुंदी पुन्हा मुतली असती.

*

आर्वी नाक्याजवळ जनावरांच्या डॉक्टर शरयू यांचा दवाखाना. सांगलीकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी गेल्या हिवाळ्यात वर्ध्याला आल्या. उन्हात कुत्र्याला नेऊ नका, असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही नेहमी सातनंतर जायचो. त्यांनी दिव्याची नळी बुंदीच्या कानात घातली, बराच वेळ बघितलं. त्यांच्या हाताखालचे नत्थूजी बुंदीला धरून होते आणि ती त्यांचा हात चाटत होती. दुखवणाऱ्यालाही चाटते ती.

"मंजुषाताई, एप्रिलात एकदा बरं केलं, मेच्या सुरुवातीला पुन्हा केलं. आता आतली वाट सुजून अरुंद झालीय. असंच होत राहिलं तर ती बंद होईल."

"मग?"

"मग नागपूरला नेऊन ऑपरेशन. कानाची ती सगळी वाटच काढून टाकावी लागते. त्या बाजूचं ऐकू येणं जवळजवळ संपतं." त्यांनी नळी पुसली. "पंधरा दिवस देते. दोन वेळा धुवायचं, दोन वेळा थेंब. नाही उतरलं तर चिठ्ठी लिहून देईन."

मग त्यांनी तेच विचारलं, जे आधी दोनदा विचारलं होतं. आंघोळ किती वेळा? पंधरवड्यातून एकदा, कानात कापूस घालून. कुठं पोहते का? वर्ध्यात मे महिन्यात माणसाला प्यायला पाणी पुरेना, पोहते कुठं. कानात तेल, हळद, लसणाचा रस? नाही. बाबांना तसं वाटलं होतं, मी करू दिलं नाही.

"कांदा?"

"तो तर तुम्ही मागेच बंद केला."

एप्रिलच्या पहिल्या भेटीत बुंदीच्या पट्ट्याला चिंधीत बांधलेला कांदा लटकत होता. ऊन लागू नये म्हणून. डॉक्टर तेव्हा जवळजवळ ओरडल्याच होत्या, की कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्त खराब होतं. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले होते, "खायले कुठं देला? बांधाले देला." पण काढला.

"मग कानांना दिवसभरात नेमकं काय करता तुम्ही?"

"काहीच करत नाही, डॉक्टर."

"काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "खाण्यातून असेल. चिकन बंद करून बघा."

चिकन बंद केलं. मग गव्हाची पोळी बंद केली. बाबा चहात बुडवून देत ते बिस्किट बंद केलं, तेव्हा बाबा आणि बुंदी दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेनं बघितलं.

*

पंधरा दिवस. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला.

कपाटाच्या कडीचा आवाज झाला की बुंदी दिवाणाखाली. इतकी आत, की हात पोचत नाही. मी, चव्वेचाळीस वर्षांची बाई, फरशीवर पोटावर झोपून तिला ओढायची. मग मांडीत दाबून कानात धुण्याचं औषध ओतायचं, कानाच्या मुळाशी चोळायचं, आत चुकचुक वाजायचं. सोडली की ती कान झटकायची आणि भिंतीवर, माझ्या कुर्त्यावर, आकांक्षाच्या शाळेतल्या फोटोवर तपकिरी शिंतोडे. दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात ती पुन्हा दिवाणाखाली. पुन्हा पोटावर. मग पाच थेंब.

बाबा खुर्चीतून म्हणायचे, "हळू वं, हळू. मुकं लेकरू आहे."

"मग तुम्ही धरता का, बाबा?"

"मले नाई बा पाहावत."

पाहावत नाही, म्हणून ते डोळे मिटून घ्यायचे. मी बाटली ठेवायला उठले की बुंदी धावत त्यांच्या पायांशी जायची, हुंदके दिल्यासारखी नाकातून कुंई-कुंई करायची, आणि ते तिला म्हणायचे, "झालं, झालं. गेली ते." ते म्हणजे मी.

सात-आठ दिवसांत असं झालं, की मी रिकाम्या हातानं खोलीत आले तरी ती उठून जायला लागली. ऑफिसातून आल्यावर आधी दारात नाचायची, ती आता बाबांच्या खाटेआडून बघायची. हातात बाटली आहे का, आधी ते बघायची. माझ्या आईनं जात्यावर बसून असलं दुःख दळून टाकलं असतं. माझ्याकडे मिक्सर. त्याच्या घरघरीत कोण गाणार? तरी चटणी वाटता वाटता ओठांवर आलंच:

दवा घालणारा हात, त्याले कोणी ना चाटलं
माया करनाऱ्यापाशी, लेकरू गं जाऊन बसलं

मी मिक्सर बंद केला. आपलं आपल्यालाच हसू आलं आणि रागही आला. कुत्र्याच्या कानापायी ओव्या!

बाबांचा लोभ मात्र खरा होता. ते पोस्टमन होते. सदतीस वर्षं आंजीच्या आजूबाजूच्या गावांत सायकलवर डाक वाटली. आता गुडघे गेले, पण दुपार त्यांची भरलेली असते ती बुंदीमुळे. दहा वाजले की कूलरमध्ये पाणी भरणार, खिडकीला ओली चादर लावणार, तिला शेला बांधणार, वाटीत पाणी बदलणार, आणि तिच्याशी बोलत बसणार. कोणत्या गावचा सरपंच लबाड होता, कोणत्या बाईच्या नावानं मनीऑर्डर आली की ती आधी रडायची आणि मग अंगठा द्यायची. ती मान तिरकी करून सगळं ऐकते. माणसांत तसं ऐकणारं आता त्यांना कुणी राहिलं नाही. मला वेळ नाही, हे मला माहीत आहे.

*

नवव्या दिवशी सकाळी तिनं पंजानं कान खाजवून रक्त काढलं. मी ऑफिसातून फोन केला. डॉक्टर शरयू म्हणाल्या, "संध्याकाळी मी सेलूकडे शिबिराला जातेय. उन्हाचं आहे, पण बाराला आणा. रक्त येतंय तर थांबू नका."

अर्धी रजा टाकली. वरिष्ठांनी विचारलं, "घरी कोण आजारी आहे?" मी म्हटलं, "बुंदी." ते म्हणाले, "मुलगी का?" मी "हो" म्हणून निघाले. खरं सांगायचं त्राण नव्हतं.

घरी ऑटो बोलावला. बाहेर रस्ता वितळलेल्या काचेसारखा हलत होता. बाबा दारातच दोन ओले शेले घेऊन उभे होते, एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी.

"ये बुंदीबाई," म्हणत त्यांनी तिचे दोन्ही कान गालांवर नीट बसवले, वरून ओला शेला घेतला, हनुवटीखालून फिरवला आणि मानेमागे गाठ मारली. ती डोळे मिटून उभी. बांधताना ते नेहमी गुणगुणतात तेच गुणगुणले:

ऊन आलं ऊन आलं, माळावरून चालून
बांध कान माह्या बाई, शेला पाण्यात घालून

"तूबी बांध," मला म्हणाले. "आंजीच्या रस्त्यानं मी सदतीस उन्हाळे काढले. ऊन कुठून शिरते? कानातून. कान झाकला की ऊन दारातून वापस जाते."

मी बांधला. आमच्याकडे कोण बांधत नाही?

दवाखान्यात शिरलो, तेव्हा डॉक्टर टेबलाजवळ उभ्या होत्या. आम्हा दोघींकडे बघून त्या आधी हसल्या. दोन पांढरी गाठोडी, एक दोन पायांवर, एक चार. मग त्यांचं हसू थांबलं.

"हे काय आहे?"

"काय?"

"हिच्या डोक्याला."

"शेला." मला प्रश्नच कळेना. "ऊन आहे ना, डॉक्टर. सेहेचाळीस आहे."

"किती वेळ बांधता हा?"

"दुपारपुरता. दहाला बांधतो, पाच-साडेपाचला सोडतो."

"ओला?"

"ओलाच. कोरड्याचा काय उपयोग? वाळला की बाबा पुन्हा भिजवतात."

"रोज?"

"रोज म्हणजे... मार्च संपला तेव्हापासून."

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. "मंजुषाताई, मी तुम्हाला तीन वेळा विचारलं. कानांना काय करता."

"काहीच करत नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता, माझ्याच तोंडून ते बाहेर पडता पडता, मला कळलं.

खोटं नव्हतं ते. चप्पल घालणं म्हणजे पायांना काही करणं असतं का? उन्हाळ्यात कान बांधणं हे आमच्याकडे करणं नसतंच. ते उन्हाळ्याचाच एक भाग असतं. मी फायलीत लिहून दिलं असतं, सही करून, की या कुत्र्याच्या कानांना आम्ही काहीही करत नाही. आणि संध्याकाळी सातला शेला सुटलेला, कान पुसलेले, अशी तिला दर वेळी त्यांच्यापुढे उभी करत होते.

नत्थूजी गाठ सोडत होते. "गाठ मस्त बांधली हो बाबानं," ते म्हणाले. "सरकत नाई."

"नत्थूजी, तुम्हीसुद्धा?"

"आमी तर लेकरायले बी बांधतो, म्याडम. तुमी बी बांधत जा. तुमच्या सांगलीचं ऊन नाई हे."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बुंदीचा कान उचलून मला दाखवला. आत लाल, ओलं, चिकट. "हा कान म्हणजे मुळातच झाकण आहे. या जातीला आत वारा लागतच नाही. त्या झाकणावर तुम्ही ओलं फडकं आवळून बांधलं, सात-सात तास. पीठ आंबवायला आपण याहून वेगळं काय करतो?" मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "कुत्र्याची उष्णता तोंडातून जाते, जिभेवरून. गारवा द्यायचा तर पोटाला द्या, पायांना द्या. ओल्या पोत्यावर झोपवा. कान उघडे. सहा दिवस राहिलेत."

नऊ दिवस मी फरशीवर पोटावर झोपले होते. सकाळी औषध, संध्याकाळी औषध, आणि मधल्या सात तासांत त्या औषधावर पाणी. ऑटोत बसल्यावर मला रडू येईना, हसू येईना. नुसते दात आवळले गेले होते.

*

बाबा फाटकाशीच होते.

"अवं, शेला कुठं टाकला? उघड्या डोक्यानं आणली तिले? दीड वाजून राह्यला!" ते पुढे झाले, स्वतःच्या खांद्यावरचा शेला काढून तिच्यावर धरायला लागले. मी तो त्यांच्या हातातून ओढला.

"नाई बांधाचा. आजपासून नाई."

"काऊन?"

"त्यानंच होऊन राह्यलं सगळं. त्या ओल्या फडक्यानं. डॉक्टरांनी सांगितलं."

"त्या पोरीले काय मालूम? तिनं वर्ध्याचे उन्हाळे किती पाह्यले? सदतीस साल मी..."

"सदतीस साल, सदतीस साल!" मी फाटकातच ओरडले. "तुम्ही माणूस आहे बाबा, ते कुत्रं आहे! मी रोज लोळू लोळू दवा घालते अन् तुम्ही दुपारी बसून ते धुवून टाकता. तुमच्या हातानं सडले तिचे कान! तुमच्या हातानं!"

शेजारची खिडकी उघडली. बुंदी आमच्या दोघांच्या मध्ये होती. ती खाली बसली, आणि तापलेल्या सिमेंटवर ओल पसरली, बघता बघता वाळूनही गेली.

माझ्या हातातला शेला बाबांनी परत घेतला, चार घड्या घातल्या, आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. कडी नाही लावली. नुसतं लोटलं. पण त्या घरात ते दार दिवसा कधी लोटलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन दिवस ते बाहेर आले ते जेवणाचं ताट घ्यायला आणि न्हाणीत जायला. बुंदीला हाक नाही, हात नाही. जणू तिला हात लावला तर आणखी काही सडेल. मी सकाळी कूलर लावून, ओलं पोतं टाकून ऑफिसला जायची. बुंदी पोत्यावर बसायची नाही. लोटलेल्या दारासमोर बसून राहायची, नाक फटीला लावून.

कान सुधारत होते. हे मला मान्य करावं लागतं. दुसऱ्याच दिवशी वास कमी झाला. थेंब घालणंही सोपं झालं, ती पळेना. मी कान उचलायची, ती उचलू द्यायची, सगळं ओतू द्यायची, अंग सैल टाकून. मी किती दिवस म्हणत होते, जरा स्थिर राहा गं. राहिली. आणि जेवणाचं भांडं भरलेलं तसंच. जिनं एकदा साबणाची अर्धी वडी खाल्ली होती, ती दोन दिवस वासही घेईना. मी हातानं भरवलं, बोटं चाटून तोंड फिरवलं तिनं. बंद केलेलं बिस्किटही शेवटी काढलं. तेही तसंच.

मला हवं होतं ते सगळं झालं होतं. कान उघडे, दवा वेळेवर, मध्ये कुणाची लुडबुड नाही. आणि घर असं झालं होतं की त्यात माझाच श्वास मला ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, कपडे धुवायला घेतले तर बादलीत तळाशी शेला. त्या दुपारच्याच गडबडीत दवाखान्यातून आणून मी टाकलेला. मी तो पिळला आणि थांबले. हे शेले मीच धुवायची. रोज रात्री, गरम पाण्यात, तिच्यासाठी वेगळे, स्वच्छ हवेत म्हणून. आणि रविवारी बाबा विहारात जायचे तेव्हा? तेव्हा कोण बांधत होतं?

हात पुसले आणि दार ढकललं. बाबा खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. बुंदी माझ्या पायांमधून आत घुसली आणि त्यांच्या पावलांवर जाऊन पडली. त्यांनी पाय हलवले नाहीत.

"बाबा, रविवारी मीच बांधत होती."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "तुही गाठ ढिल्ली राहे."

मी दाराच्या चौकटीला टेकले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली, भिंतीशी बोलावं तसं.

"मले वास येत होता ना. रोज येत होता. मले वाटे तुह्या दवाईचा वास आहे. मी म्हनो, काय घान दवा आनली हिनं, लेकराच्या कानाचं वाटोळं करून राह्यली. दोनदा मनात आलं, बोतल फेकून द्याव."

"फेकली नाई ना पण."

"नाई. तू चिडते."

मग ते वाकले. गुडघ्यांनी कुरकुर केली. बुंदीचा उजवा कान त्यांनी दोन बोटांनी उचलला, नाक जवळ नेलं आणि वास घेतला. बराच वेळ. माणूस जुनं पत्र वाचतो तसा. कान खाली सोडला तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला नाही, ते तसेच वाकून राहिले होते.

"माहं खोटं नाई," ते म्हणाले. "ऊन कानातूनच शिरते. पन ते मानसाच्या." आणि हात मागे केला, तळवा वर करून. "बोतल आन."

"राहू द्या बाबा, मी घालते. ती तुमच्यावर रुसन."

"रुसू दे. बांधाच्या वक्ती माहा हात, अन् दुखवाच्या वक्ती तुहा? असं कसं चालन? दे इकडं. कुत्रे माह्यावर सदतीस साल भुकले, मले काय नवं आहे."

धुण्याचं औषध अर्धं खाटेवर सांडलं. मी बुंदीला धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून एखादं काम केलं असेल. कानाच्या मुळाशी त्यांनी अंगठा फिरवला, आत चुकचुक वाजलं, तसे ते दचकले. "दुखते का वं?" मला नव्हे, तिला विचारलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं. ती नजर मला माहीत होती. नऊ दिवस माझ्याकडे तीच होती. *तूसुद्धा?*

सोडल्याबरोबर ती खोलीतून पळाली, थेट दिवाणाखाली.

बाबा हातातल्या बाटलीकडे बघत बसले. "पाच थेंब ना? अजून ते बाकी आहे," म्हणाले, आणि उठले.

*

उरलेले दिवस दोन्ही वेळा दवा बाबांनीच घातली. पंधराव्या दिवशी डॉक्टर शरयूंनी नळी घालून बघितलं. डावा स्वच्छ. उजव्याची वाट थोडी अरुंदच राहील, त्या बाजूनं कदाचित कमी ऐकेल. पण चिठ्ठी लिहायची गरज नाही. "सध्या तरी," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा धुवावं लागेल. कायमचं. चुकवू नका."

"शनिवार माहा," बाबांनी घरी आल्याबरोबर जाहीर केलं. आकांक्षाला व्हिडिओवरही तेच सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही? तुम्हाला तर पाहवत नाही ना?" ते म्हणाले, "नाई पाहावत." आणि फोन माझ्याकडे दिला.

आजचा शनिवार. बाबांनी सकाळीच तिचे कान धुतले. आता दुपार आहे, कूलर घरघरतोय, मी कानामागच्या गाठी सोडवतेय. एक केस धरावा, दुसरा सोडावा, ओढलं तर ती कण्हते, नाही ओढलं तर सुटत नाही. कण्हत असली तरी माझ्या मांडीवरून हलत मात्र नाही. बाबा खोलीच्या दारात आले, "बुंदीबाई" म्हणाले. तिनं शेपूट एकदा हलवलं आणि डोकं माझ्या कुर्त्यात खुपसलं.

"जा ना," मी तिला म्हटलं. ढकललं थोडं. ती आणखी जड झाली.

राग आला मला. तिच्यावर, की ही एवढी पातळ काळजाची का; त्या सेहेचाळीस अंशांवर; आणि महिनाभर जे मागत होते ते मांडीवर येऊन बसलं, तर त्याचा भार होतोय म्हणून माझ्यावरच.

"बाबा, या इकडं. मी धरते, तुम्ही हात फिरवा."

"धरू नोको. धरलं म्हंजे दवाई वाटते तिले."

ते भिंतीचा आधार घेत खाली बसले, फरशीवर, आमच्यापासून दोन हातांवर, आमच्याकडे पाठ करून. तिच्याकडे बघितलं की तिला दडपण येतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. एक हात मागे, तळवा वर करून जमिनीवर ठेवलेला.

"मनीऑर्डर घेऊन गेलो का," ते समोरच्या भिंतीला सांगायला लागले, "ते बाई आधी रडे..."

गोष्ट संपली. दुसरी सुरू झाली. मी एक गाठ सोडवली, दुसरी कात्रीनं कापली. अर्धा तास झाला असेल. बुंदीचे कान त्या आवाजाकडे होते, दोन्ही, उजवासुद्धा. पण ती उठली नाही, आणि बाबांनी हात उचलला नाही.